गागोद्याचा मध्यस्थ: विनोबा आणि चंबळची बोलणी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या वेळच्या एपिसोडचा लेखी पाठ. बोलताना मी जिथे अडखळलो, उगाच हसलो, ते काढून टाकलंय. बाकी सगळं तेच.

एका श्रोत्याचा मेसेज आला होता. युद्धं थांबवणारे, दोन्ही बाजूंशी बोलणारे लोक असतात, त्यांचं करिअर नेमकं कसं असतं? आणि त्यात आपला कोणी मराठी माणूस आहे का? प्रश्न भारी होता. मी लॅपटॉप उघडला आणि पहिल्यांदा शोधले ते राजदूत. सूट, टाय, लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, मागे झेंडे. दोन दिवस वाचलं. मग शनिवारी दिवा-रोहा मेमूने घरी येताना पेण स्टेशन आलं आणि डोक्यात ट्यूब पेटली. अरे, आपल्या पेण तालुक्यातला माणूस!

पेण म्हटलं की आपल्याला गणपती आठवतात, फार तर पोह्याचे पापड. पण पेण तालुक्यात डोंगराच्या आत गागोदे बुद्रुक नावाचं गाव आहे. तिथे ११ सप्टेंबर १८९५ ला विनायक नरहरी भावे जन्मले. म्हणजे आपले विनोबा.

आता तुमच्यातले अर्धे म्हणतील, विनोबा म्हणजे भूदान, पाच मार्कांची टीप, झालं. मीही तेच समजत होतो. पण त्यांचं काम ‘मध्यस्थ’ या नजरेने बघा. दोन बाजू एकमेकांवर बंदुका रोखून उभ्या आहेत, आणि मध्ये एक माणूस चालत येतो. त्याच्याकडे पद नाही, फौज नाही, पैसा नाही, सही करायचा अधिकारसुद्धा नाही. तरी दोन्ही बाजू त्याच्याशी बोलतात. का? आजचा सगळा एपिसोड या ‘का’वर आहे.

हे मला इतकं का टोचतंय तेही सांगून टाकतो. आमच्या घरी, रोहा तालुक्यात, बाबा आणि मोठे काका यांच्यात बांधावरून वाद आहे. बांधावर आजोबांनी लावलेला एक आंबा आहे, तो कोणाचा, इथून सुरुवात झाली. दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं की हा वाद सोडवायचा. बीटेक केलंय, डेटा बोलतो, वगैरे. ऑनलाइन सातबारा काढला, आठ अ काढला, गाव नकाशा काढला, फोनच्या जीपीएसने बांधाच्या चार टोकांचे आकडे घेतले, छान रंगीत पीडीएफ बनवली आणि घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली. काका दहा मिनिटांत ग्रुपमधून बाहेर पडले. तेव्हापासून आमच्याकडे दोन गणपती येतात. एक आमच्या घरी, एक काकांच्या. दोन्ही मूर्ती पेणच्याच.

तर, विनोबा.

बायोडेटा पटकन उरकतो. भाव्यांकडे गागोद्याची इनामदारी होती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. वडील नरहरपंत नोकरीसाठी बडोद्याला, म्हणून मुलंही दहाएक वर्षांची असताना तिकडे गेली. १९१६ मध्ये इंटरची परीक्षा द्यायला मुंबईला निघालेला हा मुलगा सुरतेला उतरला आणि थेट काशीला गेला. सर्टिफिकेटं त्याआधीच चुलीत घातली होती. (आई ऐकत असशील तर, मी असं काही करणार नाहीये.) त्याच वर्षी जूनमध्ये अहमदाबादला गांधींच्या कोचरब आश्रमात. १९२१ पासून वर्धा. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी लिहून घेतली. १९४० मध्ये वैयक्तिक सत्याग्रहासाठी गांधींनी पहिला माणूस निवडला तो विनोबा. दुसरे नेहरू. फाळणीनंतर दिल्लीजवळच्या मेवातमध्ये मेव मुसलमानांना पुन्हा वसवायच्या कामात ते होते. म्हणजे १९५१ उजाडेपर्यंत पंचावन्न वर्षांच्या या माणसाकडे एकच भांडवल जमलं होतं: हा स्वतःसाठी काही मागत नाही, हे देशभर माहीत होतं.

मध्यस्थाच्या धंद्यात हे सगळ्यात महागडं भांडवल असतं. पैसे देऊन ते मिळत नाही.

१९५१. तेलंगणात १९४६ पासून सशस्त्र उठाव चालू होता. कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली शेतकरी आणि भूमिहीन एका बाजूला, जमीनदार आणि आधी निजामाची, मग भारत सरकारची ताकद दुसऱ्या बाजूला. विनोबा हैदराबादजवळ शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी गेले. पवनारहून तिथपर्यंत सुमारे तीनशे मैल पायी. संमेलन संपल्यावर परत जायचं तर ते आधी हैदराबादच्या तुरुंगात गेले आणि कैदेतल्या कम्युनिस्टांना भेटले. मग उठाव झालेल्या भागात शिरले.

इथला क्रम बघा. गावात जाऊन शांततेवर भाषण देण्याआधी त्यांनी हत्यार उचललेल्या माणसांची बाजू ऐकली.

१८ एप्रिलला ते नलगोंडा जिल्ह्यातल्या पोचमपल्लीत होते. दलित वस्तीतल्या चाळीस कुटुंबांनी सांगितलं, आम्हाला ऐंशी एकर जमीन मिळाली तर आम्ही कसून खाऊ. विनोबांनी आधी कोणीही म्हणेल तेच म्हटलं, अर्ज लिहून द्या, सरकारकडे पाठवतो. मग सभेत गावालाच विचारलं, सरकारकडून मिळेल तेव्हा मिळेल, तुमच्यातलं कोणी काही देऊ शकतं का? वेदिरे रामचंद्र रेड्डी नावाचा जमीनदार उठला आणि म्हणाला, मी शंभर एकर देतो.

मागितले ऐंशी, मिळाले शंभर. कुठल्याही बोलण्यांमध्ये असं होत नाही! आपण भाजीवाल्याकडेही साठ म्हणून पन्नासला घेतो.

मला वाटतं, इथे इनामदारी कामाला आली. हा माझा अंदाज आहे, पण बघा पटतो का. विनोबा जमीनदाराकडे शत्रू म्हणून गेले नाहीत. ते त्याच वर्गातून आलेले होते, जमीनवाल्याला कशाची भीती असते ते त्यांनी घरात पाहिलं होतं. रात्री कम्युनिस्ट येणार, दिवसा पोलीस, आणि आपली जमीन आज ना उद्या जाणार, ही भीती त्या वेळी तिथल्या प्रत्येक मोठ्या शेतकऱ्याला होती. विनोबांनी त्याला एक दार उघडून दिलं: लुबाडला गेलेला म्हणून नको, दाता म्हणून दे. वाटाघाटी करणाऱ्यांच्या भाषेत याला समोरच्याची इभ्रत राखणं म्हणतात. हरलेल्याला मान खाली न घालता खोलीबाहेर पडता आलं पाहिजे.

त्यांच्या आईची एक सवय विनोबा आयुष्यभर सांगत. गागोद्याला घरचा फणस उतरला की गरे आधी शेजाऱ्यांकडे पोचवायचे, आणि ते काम मुलांकडे. वाटून झालं की मग घरच्यांनी खायचं. आपल्याकडे कोकणात हे अजून चालतं. पण फणसावरून जमिनीपर्यंत उडी मारायला वेगळंच डोकं लागतं.

आता एपिसोडचा मुख्य भाग. हेडफोन लावले असतील तर आवाज वाढवा. वाचत असाल तर… वाचा.

चंबळ. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थान जिथे एकमेकांना भिडतात तो नदीकाठ. पावसाने माती कापून कापून शेकडो घळी झाल्या आहेत, त्यांना तिकडे बेहड म्हणतात. माणूस आत शिरला की सापडत नाही. पोलीस ज्यांना दरोडेखोर म्हणत, ते स्वतःला बागी म्हणवून घेत, म्हणजे बंडखोर. त्यातला सगळ्यात मोठा मानसिंग. तो १९५५ मध्ये मारला गेला. त्याचा मुलगा तहसीलदार सिंग अलाहाबादच्या नैनी तुरुंगात फाशीची वाट बघत होता.

या तहसीलदार सिंगने विनोबांना पत्र पाठवलं: मरायच्या आधी एकदा भेटायचं आहे. विनोबा तेव्हा काश्मीरमध्ये पायी फिरत होते. त्यांनी आपल्या वतीने मेजर जनरल यदुनाथ सिंह यांना तुरुंगात पाठवलं. फौजेतला मोठा अधिकारी, पण आता निःशस्त्र कामाला लागलेला. तहसीलदार सिंगचं म्हणणं असं की विनोबा चंबळमध्ये आले तर मागे राहिलेले लोक बंदुका ठेवतील. मग यदुनाथ सिंह बेहडांत जाऊन टोळ्यांना भेटत राहिले. मध्य प्रदेशात तेव्हा कैलासनाथ काटजू मुख्यमंत्री होते. सरकारने या कामाला वाट दिली.

१९६० च्या मे महिन्यात, चंबळच्या उन्हात, चौसष्ट वर्षांचे विनोबा भिंड-मुरैना भागात पायी फिरू लागले. आणि टोळ्यांमधले लोक येऊ लागले. लुक्का, म्हणजे लोकमन दीक्षित, हा मानसिंगच्या टोळीचा वारस, तोही आला. दुर्बीण लावलेल्या रायफली विनोबांच्या पायाशी ठेवल्या गेल्या. एकूण वीस जण.

त्यांना काय कबूल केलं होतं? काही नाही. माफी नाही, कमी शिक्षेचं आश्वासन नाही. गुन्हा कबूल करा, कायदा जी शिक्षा देईल ती भोगा. बदल्यात एवढंच की तुमच्याशी माणसासारखं वागलं जाईल आणि मागे तुमच्या बायकापोरांकडे कोणीतरी बघेल. त्यासाठी चंबळ घाटी शांती समिती उभी राहिली. कोर्टातली कामं, घरच्यांची सोय, गावातली जुनी वैरं, हे सगळं तिच्याकडे आलं.

मी हे वाचलं तेव्हा पहिला विचार आला, हे कसलं डील? देणं काहीच नाही आणि समोरचा तुरुंगात जायला तयार? पण त्या माणसांच्या जागी उभं राहून बघा. बेहडात राहायचं म्हणजे रोज जागा बदलायची, रात्री झोप नाही, घरी जाता येत नाही, आणि शेवट पोलिसांच्या गोळीने हे ठरलेलं. शरण जायचं तर कोणाला? पोलिसाला शरण गेलो तर चकमकीत मारला म्हणून सांगतील, ही भीती. शिवाय पोलिसासमोर हात वर करणं म्हणजे इभ्रत गेली. विनोबांसमोर बंदूक ठेवताना मात्र ती जात नव्हती. त्यांना हवी होती सुरक्षितपणे थांबण्याची जागा. सरकारकडे पैसा होता, कायदा होता, तुरुंग होते, ही एकच गोष्ट नव्हती.

आणि आता दुसरी बाजू, कारण ती न सांगता पुढे जाणं म्हणजे फसवणूक.

मध्य प्रदेशचे पोलीस महानिरीक्षक होते के. एफ. रुस्तमजी. आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे. पुढे १९६५ मध्ये सीमा सुरक्षा दल उभं करणारे तेच. ते विनोबांच्या या कामावर नाराज होते आणि त्यांनी ती नाराजी लपवली नाही. त्यावरून तेव्हा मोठा गदारोळ झाला. पोलिसांच्या बाजूने विचार करा. तुम्ही वर्षानुवर्षं उन्हातान्हात या टोळ्यांच्या मागे आहात. तुमचे सहकारी मेलेत. आणि एक दिवस ज्यांनी ते मारले त्यांचे फोटो पेपरात, संतांच्या शेजारी. ज्यांच्या घरातला माणूस टोळीने उचलून नेला, त्या घराने तो पेपर उघडला तर त्यांना काय वाटलं असेल? त्या मंडपात त्यांची खुर्ची कुठे होती?

मला प्रामाणिकपणे वाटतं, रुस्तमजींचा मुद्दा अर्धा तरी बरोबर होता. विनोबा माणसाच्या मनाबद्दल बोलत होते आणि रुस्तमजी व्यवस्थेबद्दल, आणि दोघांना जोडणारा कागद कोणी लिहिलाच नव्हता. तहसीलदार सिंगची फाशी पुढे जन्मठेपेत बदलली. पण बेहडांतल्या बाकी टोळ्या तशाच राहिल्या. वीस जणांनी चंबळ शांत होत नाही.

पण थांबा, गोष्ट इथे संपत नाही. हा भाग मला सगळ्यात आवडतो.

अकरा वर्षांनी, १९७१ मध्ये, पाटण्याला जयप्रकाश नारायण यांच्याकडे एक माणूस आला. जंगलाचा ठेकेदार आहे म्हणाला. चंबळच्या बागींना शरण यायचंय, तुम्ही लक्ष घाला. जयप्रकाशांची तब्येत बरी नव्हती. ते म्हणाले, विनोबांकडे जा. तो म्हणाला, विनोबांनीच तुमच्याकडे पाठवलंय. बोलता बोलता त्याने सांगून टाकलं की मीच माधोसिंग. डोक्यावर मोठं इनाम असलेला टोळीचा म्होरक्या जयप्रकाशांच्या घरात बसून बोलत होता!

जयप्रकाशांनी काय केलं? आधी राज्य सरकारांशी आणि केंद्राशी बोलणी केली. मुख्य अट ठरली की शरण येणाऱ्यांना फाशी होणार नाही. खटले चालतील, शिक्षा होतील, पण फाशी नाही. मग १४ एप्रिल १९७२ ला मुरैना जिल्ह्यात जौराजवळ मोहरसिंग, माधोसिंग आणि त्यांच्या टोळ्यांनी शस्त्रं खाली ठेवली. त्या मोहिमेत एकूण चारशेहून जास्त लोक शरण आले. त्यातल्या बऱ्याच जणांना पुढे मुंगावलीच्या खुल्या तुरुंगात ठेवलं.

१९६० मध्ये हमी शून्य, माणसं वीस. १९७२ मध्ये फाशी न होण्याची हमी, माणसं चारशेच्या वर. इंजिनिअर म्हणून मला जयप्रकाशांचं व्हर्जन जास्त आवडतं. त्यात सरकार कराराचा भाग होतं, बाजूला उभं राहून बघणारं नव्हतं. पण मग मी स्वतःलाच विचारलं: १९६० झालं नसतं तर माधोसिंग ठेकेदाराच्या वेशात कोणाच्या दारात गेला असता? शरण गेलं तर माणूस जिवंत राहतो, हे त्याला त्या वीस जणांमुळे दिसलं होतं.

जगात इतरत्रही हा क्रम दिसतो. मोझांबिकमध्ये सोळाएक वर्षं यादवी युद्ध चाललं. तिथल्या सरकारला आणि रेनामो बंडखोरांना एका टेबलावर आणलं कोणी? रोममधल्या सांत एजिडिओ नावाच्या एका कॅथलिक मंडळाने. साधी माणसं, गरिबांत काम करणारी, मोझांबिकला मदत पाठवता पाठवता दोन्ही बाजूंच्या ओळखीची झालेली. १९९० ला बोलणी सुरू झाली, ४ ऑक्टोबर १९९२ ला रोममध्ये करार झाला. शेवटी इटली सरकार आलं, संयुक्त राष्ट्रं आली, शांतिसेना गेली, ते सगळं लागलंच. पण पहिला चहा पाजला तो ताकद नसलेल्यांनी.

विनोबांचा देव्हारा करायचा नाहीये मला. भूदानात चाळीस लाख एकरांहून जास्त जमीन मिळाल्याची नोंद आहे, पण त्यातली कितीतरी प्रत्यक्ष वाटलीच गेली नाही. काही ठिकाणी खडक दिला, काही ठिकाणी आधीच वादात असलेली जमीन, काही ठिकाणी दात्याच्या मुलांनी नंतर नाही म्हटलं. शब्द मिळाला, फेरफार झाला नाही. ज्याने कधी तलाठी कार्यालयात चकरा मारल्यात त्याला हे लगेच कळेल. आणि १९७५ मध्ये आणीबाणी आली, जयप्रकाश तुरुंगात गेले, तेव्हा ‘अनुशासन पर्व’ हे विनोबांचे शब्द सरकारने भिंतीभिंतीवर रंगवले. त्यांना नेमकं काय म्हणायचं होतं यावर भांडणं अजून चालू आहेत. पण मध्यस्थाचे शब्द एका बाजूने उचलून वापरले की दुसरी बाजू त्याला आपला मानत नाही, हे तर दिसलंच.

तरी एक चित्र डोक्यातून जात नाही. सप्टेंबर १९६२. विनोबा आसामातून बंगालकडे निघालेत, मध्ये पूर्व पाकिस्तान. ते वळसा घालून गेले नाहीत. परवानगी काढली आणि सोळा दिवस पूर्व पाकिस्तानातून चालत गेले. तिथेही जमीन मागितली. आणि तिथल्या लोकांनी दिलीही! आज बॉर्डरवरचं एक ट्वीट वाचून आपलं रक्त उसळतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आपल्या रायगडला जमिनीची बोलणी नवीन नाहीत. अलिबाग तालुक्यात चरीचा शेतकऱ्यांचा संप १९३३ पासून सहा वर्षं चालला, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली, खोतांविरुद्ध. आणि याच पेण तालुक्यात २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या बावीस गावांमध्ये महामुंबई सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर सरकारने शेतकऱ्यांचं मत घेतलं. मी तेव्हा शाळेत होतो. आमच्या घरी दोन्ही भाऊ एकाच बाकावर बसून त्या बातम्या वाचत होते, एवढं आठवतं.

एपिसोड रेकॉर्ड केल्यावर मागच्या रविवारी मी काकांकडे गेलो. लॅपटॉप नेला नाही. फोन खिशात. काकूंनी चहा ठेवला, अर्धा तास पाऊस आणि हायवेचे खड्डे यावर बोललो. मग काका आपणहून म्हणाले, "आजोबा गेले त्या रात्री मला फोन कोणी केला? कोणीच नाही. सकाळी गावातल्या माणसाकडून कळलं." आंब्याचा विषय त्यांनी काढलाच नाही. मीही काढला नाही. सात वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि माझ्या त्या रंगीत पीडीएफमध्ये तिच्यासाठी एक कॉलमसुद्धा नव्हता.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला वाटलं आत्याने केला असेल."

मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखमध्ये पडून आहे, तारीख आलेली नाही. आणि पेणला मूर्तीचं बुकिंग यंदा एक करायचं की दोन, हे बाबांनी अजून सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाहीये. पुढच्या शनिवारी पुन्हा घरी चाललोय, तेव्हा बघू.